भास्कराचार्यांचा २२,६१,५३,९८० पडताळताना या चुका टाळा

आमच्या चाळीसगावकडे पाटणादेवीला जाऊन आलं की पोरं घरी येऊन वही काढतात. पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे, नातू चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची नोंद आहे, मग त्यांचं ६१ चं गणित आपल्याला यायलाच पाहिजे. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की परत पूर्ण वर्गच येतो? सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे मोबाईलच्या कॅल्सीवर पडताळणं. परवा भाच्याने स्प्रेडशीटमध्ये टाकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, तो १ नाही मिळवला तरी वर्गमूळ तेच येतंय!" बरोबर आहे त्याचं, कारण खरा गुणाकार ३११९८८२९८२८६०२६४४०० असा १९ अंकी आहे आणि स्प्रेडशीट १५ अंकांपुढे शून्यं दाखवते, म्हणजे ज्या १ साठी एवढा खटाटोप तोच गायब. त्यापेक्षा २९७१८ आणि ३८०५ घ्या. २९७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४, आणि ६१ गुणिले ३८०५ चा वर्ग ८८,३१,५९,५२५. साध्या कॅल्सीवर बसतं आणि फरक डोळ्याला दिसतो. आता २ × २९७१८ × ३८०५ करा, आपला आकडा आला. पहिल्या वर्गाची दुप्पट अधिक १ केलं की वर्गमूळ.

दुसरी चूक, नुसत्या नऊच्या कसोटीवर विसंबणं. अंकांची बेरीज ३६ येते म्हणून ९ ने भाग जातो, हे खरंय, पण घाईत कोणी २२,६५,१३,९८० लिहिलं तरी बेरीज ३६ च, चूक सापडतच नाही. अकराची कसोटी पण लावा. खऱ्या आकड्याला बाकी ८ उरते, उलटसुलट लिहिलेल्याला पूर्ण भाग जातो, लगेच पकडला जातो.

६१ ला एवढं मोठं म्हणजे ६२ ला अजून मोठं असेल, असा अंदाज बांधू नका. ६२ ला फक्त ८ पुरतो, ६० ला तर ४ च.

आणि चक्रवाल, म्हणजे हे उत्तर टप्प्याटप्प्याने काढायची पद्धत, करताना पोरं अडकतात ती जागा. सुरुवात ८² − ६१ × १² = ३. पुढची संख्या निवडताना ६४ हा ६१ ला जवळचा म्हणून बरेच जण ८ घेतात, पण ८ + ८ = १६ ला ३ ने भाग जात नाही, तिथे ७ च घ्यायचा. मग ३९² − ६१ × ५² = −४ मिळतं. इथे दोन्हींचं अर्धं केलं की १९.५ आणि २.५ येतात, अपूर्णांक बघून बरेच जण पान खोडून टाकतात, खोडू नका, याच जोडीची तिच्याशीच दोनदा भावना (दोन जोड्या गुणून नवी जोडी काढणं) केली की अपूर्णांक निघून जातात आणि वरचे २९७१८ आणि ३८०५ समोर येतात.