ट्रेडमार्कविरुद्ध अर्ज करण्याआधी

मशेरीच्या डबीवर देवाचं नाव दिसलं की सांगलीत आधी व्हॉट्सॲप ग्रुप तापतो, मग निवेदन लिहिलं जातं आणि जिल्हाधिकारी कार्यालयासमोर फोटो काढून मंडळी घरी जातात. त्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी जागच्या जागी राहते. ती रद्द करायचा अधिकार ट्रेडमार्क रजिस्ट्रारचा किंवा उच्च न्यायालयाचा, तेव्हा तयारीही त्यांना चालेल अशीच करायची.

आधी नाव खरंच नोंदलेलं आहे का, ते बघा. डबीवर नुसतं टीएम म्हणजे मालकाचा दावा. वर्तुळातला आर नोंदणीनंतरच लावता येतो. आयपी इंडिया, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर शोध फुकट आहे. नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते: तंबाखूला वर्ग ३४, दारूला ३३, हळद-मसाल्याला ३०. अर्ज क्रमांक, मालकाचं नाव-पत्ता, सद्यस्थिती, आणि नोंद शब्दाची आहे की चित्राची, याची प्रिंट काढून फाइलला लावा. अर्जाची नुसती जाहिरात झालेली असेल आणि ती सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये येऊन चार महिने उलटले नसतील, तर कुणालाही विरोध दाखल करता येतो. नोंदणी होऊन गेली असेल तर ती रद्द करायला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ५७, आणि तिथे अर्जदार 'बाधित व्यक्ती', म्हणजे त्या नोंदणीची झळ बसणारा, असावा लागतो. म्हणून अर्ज कुणाच्या नावानं करायचा, यावर एक संध्याकाळ घालवा. माझ्या मते देवस्थानचा ट्रस्ट सगळ्यांत भक्कम. उत्साही कार्यकर्ता सगळ्यांत कच्चा. ट्रस्टचा ठराव आणि धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र सोबत हवं.

मग अर्जाचा आधार ठरवा. त्याच कायद्यातलं कलम ९(२) धार्मिक भावना दुखावणारी आणि अश्लील किंवा निंद्य चिन्हं अडवतं. एखाद्या जातीला हिणवणारं नाव असेल तर 'धार्मिक भावना' हे शब्द पुरे पडतीलच असं नाही. 'निंद्य' हा मुद्दा जोरात मांडावा लागतो. साताऱ्याकडच्यांनी आणखी एक कायदा पाहावा. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, नुसता 'शिवाजी' हा शब्दसुद्धा आहे. तिथे भावना दुखावल्या की नाही, हा वादच उरत नाही. निकालांपैकी २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडा: अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. अमेरिकेचे दाखले मात्र नकोत. तिथे २०१७ साली अवमानकारक ट्रेडमार्कवरची बंदीच घटनाबाह्य ठरली, म्हणजे ते समोरच्याच्याच कामाचे.

पुराव्यात लोक सगळ्यांत जास्त ढिले असतात. गणपती पेठेतून डबी विकत घ्या आणि पक्कं बिल मागा, त्यावर मालाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. 'किरकोळ माल' असं लिहिलेलं बिल उपयोगाचं नाही. डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तळाचाही, कारण उत्पादकाचा पत्ता बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात असतो. सील फोडू नका. वर्तमानपत्राचं कात्रण नको, तारखेसकट पूर्ण पान ठेवा. पुजारी, विश्वस्त, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा अशी तीन जड भरतात. कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांची साक्षांकित भाषांतरं लागतील. आणि दुकानदाराला दमदाटी करतानाचा व्हिडिओ कुणी काढला असेल तर तो समोरच्या वकिलाच्या हाती गेला असंच समजा.

अर्जाचा फॉर्म टीएम-ओ, शुल्क एका वर्गाला ऑनलाइन २,७०० रुपये, हातोहात दिला तर ३,०००. मालक महाराष्ट्रातला असेल तर कार्यालय मुंबईचं, अँटॉप हिलला.

एक गोष्ट सभेत स्पष्ट सांगून टाका: नोंदणी रद्द झाली म्हणून माल दुकानातून उठत नाही. मालकाची मक्तेदारी जाते, इतकंच. उलट तेच नाव दुसराही वापरायला मोकळा. १९५० च्या कायद्यात वापरावरच बंदी आहे, बाकी ठिकाणी तसं नाही. 'संभाजी बिडी' हे नाव गेलं ते लोकांच्या विरोधामुळे कंपनीनंच बदललं म्हणून. त्यामुळे अर्जाबरोबर मालकाला साध्या, सभ्य भाषेतलं पत्रही जाऊ द्या, स्पीड पोस्टनं, आणि पोचपावती जपून ठेवा.

अर्जाला मालकाचं उत्तर आल्यावर पुराव्यासाठी दोन महिने मिळतात. उत्तर कोणत्या तारखेला हाती पडलं हे त्याच दिवशी लिहून ठेवायला ट्रस्टच्या कार्यालयातला एक माणूस नेमा आणि अर्जात दिलेल्या ईमेलचा पासवर्ड त्याच्याकडे द्या.