जमिनीत सापडलेलं लढाईचं मेडल कुणाचं ते कसं शोधायचं (आणि चिंच का लावायची नाही)

आधी हे ऐका, मग बाकीचं. मेडल सापडलं की घासू नका. मी घासलं म्हणून सांगतोय. मामाच्या गावात, पन्हाळ्याच्या बाजूला, जुना गोठा पाडून गोबरगॅसचा खड्डा काढत होतो आणि कमरेएवढ्या खोलीवर एक काळी ठिक्कर चकती वर आली. मामीला वाटलं राणी छाप रुपया, तिनं देवाची भांडी घासायची चिंच आणून दिली आणि मी शहाणा वर राख घेऊन काथ्यानं अर्धा तास घासत बसलो. राजाचं तोंड लख्ख निघालं, सगळे खूश, फोटो स्टेटसला. रात्री बॅटरीच्या उजेडात कडेला बघितलं तेव्हा कळलं की खरा माल कडेला होता, बारीक अक्षरात, आणि त्यातली दोन-तीन अक्षरं मी माझ्या हातानं पुसट करून ठेवलीत.

तर मेडल काढलं की साध्या पाण्यात, डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम, रात्रभर ठेवा. लहान पोराच्या मऊ ब्रशनं माती तेवढी सोडवा, बास. पितांबरी नाही, कोलगेट नाही, लिंबू नाही. काळं पडलेलं चांदीचं असतं, हिरवं पडलेलं बहुतेक ब्राँझचं असतं, तो रंग तसाच राहू दे. फितीचे दोरे चिकटलेले असले तर तेही ठेवा, रंग ओळखता आला तर त्यावरनं लढाई कळते. आणि खड्ड्याचा मातीसकट एक फोटो काढून ठेवा, नक्की कुठं आणि किती खोल, त्याचं काम पुढं येतं.

मग कड वाचायची. अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी एकदम आडवी धरायची, म्हणजे उजेड अक्षरांवरनं घसरत गेला पाहिजे, आणि मेडल हळूहळू फिरवत आठ-दहा फोटो काढायचे. तरी नाही लागलं तर पतंगाचा पातळ कागद कडेला गुंडाळून वरनं मऊ पेन्सिल अलगद फिरवा. जे दिसतंय तेच लिहा, अंदाजानं अक्षर भरू नका, जिथं नाही कळत तिथं फुली मारा. मी एका आठाचा तीन वाचला आणि त्या तिनानं माझे दोन महिने खाल्ले.

आता कोणतं मेडल ते. एका बाजूला पाचवा जॉर्ज, मागं घोड्यावर उघडा माणूस आणि १९१४, १९१८ हे आकडे, असं चांदीचं ३६ मिलिमीटरचं असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धाचं, आपल्याकडं सगळ्यात जास्त हेच निघतं. तेच ब्राँझमधे असेल तर नीट बघा, कारण ब्राँझचं लढणाऱ्या शिपायाला नाही तर लेबर कोरच्या वगैरे माणसांना दिलं होतं, म्हणजे तुमचा माणूस बंदूक घेऊन नाही तर फावडं घेऊन गेलेला असू शकतो, आणि त्याचं नाव शोधणं जास्त अवघड जातं. पंखवाली बाई असलेलं पिवळसर गोल ते व्हिक्टरी मेडल. ब्राँझचा तारा असेल आणि त्यावर १९१४-१५ असेल तर नाव कडेला नाही, पाठीवर असतं. सिंहाच्या पायाखाली दोन तोंडाचा ड्रॅगन किंवा मागं हिंदुस्थानचा नकाशा असेल तर दुसरं महायुद्ध. इंटरनेटवर वाचाल की दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलवर नावं नसतात, ते विलायतेतल्या सैनिकांचं, हिंदी फौजेच्या मेडलवर नाव घालत होते, म्हणून कड बघितल्याशिवाय सोडू नका. ताटलीएवढी ब्राँझची चकती, १२० मिलिमीटरची, ब्रिटानिया आणि सिंह, असं निघालं तर तो माणूस लढाईत गेला हे नक्की, कारण ती मेलेल्याच्याच घरी पाठवत.

कडेवर साधारण चार गोष्टी असतात इंग्रजी कॅपिटलमधे: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आपण सगळे नावावर उडी मारतो आणि तिथंच फसतो. रामा, गणू, धोंडी, विठू, त्यापुढं जाधव नाहीतर शिंदे, अशी माणसं एका पलटणीत डझनानं होती. स्पेलिंगचं तर विचारू नका, गोऱ्या साहेबाच्या कानाला जे आलं ते लिहिलं, पवारचं पोवार होतं (ते कोल्हापुरात चालतंय म्हणा), शिंदेचं सिंधे होतं. त्यामुळं धरायचं ते नंबर आणि पलटण, आणि ते पण जोडीनंच, कारण पहिल्या महायुद्धाच्या वेळी प्रत्येक पलटणीचे नंबर आपापले होते, नुसता नंबर म्हणजे गल्लीचं नाव नसलेला घर नंबर.

पलटण कशी ओळखायची? मराठ्यांच्या त्या वेळच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. इंग्रजीत मराठा लिहिताना मधे एक जादा एच घालायचे, म्हणून मेडलवर ‘मह्राट्टा’ असं काहीतरी दिसेल, चूक नाही ती. १९२२ मधे या सगळ्या मिळून पाचवी मऱ्हाठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि मुक्काम बेळगावला, तीच आजची मराठा लाइट इन्फन्ट्री. १०३, ११० किंवा ११७ निघाली तर अंगावर काटा येतो, या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमधे) कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, खायचे हाल, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, पुढं तुर्कांची कैद. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘बसऱ्याला गेलता’ असं येतं ना, ते सगळं याच मुलखाचं. १११ महार्स असेल तर ती १९१७ ला उभी केलेली आणि लढाईनंतर मोडलेली पलटण. सॅपर्स अँड मायनर्स आणि सोबत नुसता ३ हा आकडा असेल तर खडकी, आजचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. कोल्हापूर संस्थानची स्वतःची फौज पण होती, राजाराम रायफल्स, ती १९४९ ला संस्थान विलीन झाल्याच्या सुमाराला मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली.

इथपर्यंत आलात की तीन दारं ठोठवायची. पहिलं घरबसल्या, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट, फुकट आहे. पण तिथं फक्त मेलेले सापडतात, तुमचा माणूस जिवंत परत आला असेल तर तिथं नसणारच, म्हणून नाही सापडला तर नाराज होऊ नका, उलट बरंच झालं की. सर्च करताना नाव टाकू नका, सर्व्हिस नंबर टाका आणि पलटण निवडा. लागलं तर बऱ्याच वेळा बापाचं नाव आणि गाव पण असतं आणि मग अर्धं काम झालं. मेसोपोटेमियात गेलेले बसरा मेमोरियलवर आहेत, ४०,००० च्या वर माणसं, आणि त्या भिंतीवर आपल्या साध्या शिपायांची नावंच कोरली नाहीत, नुसते आकडे, नावं रजिस्टरात. वाचून टाळकं फिरलं माझं.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजची मेडल कार्डं पण बघा म्हणतात लोक, बघा, पण आपल्या शिपायांसाठी तिथं फार हाताला लागत नाही. शौर्याचं मेडल असेल, आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) वगैरे, तर लंडन गॅझेट पण चाळून बघा, ते ऑनलाइन आहे, पण नाव तिथं सापडेलच असं नाही.

दुसरं दार बेळगाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं, साधं, एका पानाचं, नंबर, हुद्दा, नाव जसं दिसतंय तसं, पलटण, कुठं सापडलं, आणि मेडलच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो. मेडल स्वतः पाठवू नका. मेडलची किंमत किती येईल असलं त्यात विचारू नका. आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बसलात तर तिथले माजी सैनिक पत्र कसं लिहायचं ते बरोबर सांगतात, चहा पण पाजतात. उत्तराला वेळ लागतो आणि शंभर वर्षांपूर्वीचं निघेलच असं नाही.

तिसरं दार गावातच, आणि खरं काम इथं होतं. गावाचं नाव कागदावर मिळालं तरी लगेच गाडी काढू नका, शिरोली म्हणजे पुलाची का दुमाला, सांगाव म्हणजे कसबा का मौजे, हे ठरवा. तालुके पण तेव्हाचे वेगळे, आजच्या हातकणंगलेच्या जागी तेव्हा आळते होतं, आणि चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, त्यामुळं चंदगडचा माणूस बेळगावात दिसला तर दचकू नका. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते काही गावात, या गावातनं इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी मेली, ती बघा, नावं नसतात पण गेलेले किती हे कळतं. मग तहसीलला जाऊन कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जुनी जन्म-मृत्यूची नोंद. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर. ज्या जमिनीत सापडलं तिचा जुना सातबारा आणि फेरफार, त्यात वारसांची नावं ओळीनं येतात. बरंचसं मोडीत आहे, पण कुणबी नोंदींपासनं मोडी वाचणारी माणसं शोधणं सोपं झालंय, एखादा गाठा आणि पानामागं किती घेणार ते आधी ठरवा.

मी हे सगळं केलं आणि अडकलो. कारण कडेवरचं आडनाव मामाच्या गावात नव्हतंच. एक घर नाही. मोठ्या माणसांना विचारलं, ‘आपल्यात ही माणसं कधी नव्हती’. फेरफार मामाच्या खापरपणजोबापर्यंत सरळ, जमीन विकत घेतलेली नाही, वाटणीत आलेली नाही. मला वाटायला लागलं कुणीतरी चोरून पुरलं असेल.

सोडवलं ते हेळव्यानं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेळवी म्हणजे सुगीनंतर दारात येऊन तुमच्या घराण्याची पिढी न् पिढी म्हणून दाखवणारा, धान्य घेऊन जाणारा. आम्ही पोरं त्याला हसायचो. तो आला तेव्हा मामीनं सहज आडनाव सांगितलं, आणि तो ओसरीवर बसून चार पिढ्या मागं गेला, कोण कुणाचा, कोण निपुत्रिक, आणि मधेच म्हणाला, ‘त्यांची लेक तुमच्यात दिलीया की, तुमच्या आज्याची आई.’ मामा गपगार. पणजीचं माहेर कुणी विचारलंच नव्हतं. बाप बसऱ्याला गेलेला, मेडल लेकीनं सासरी आणलेलं, आणि पुढं गोठ्यात का आणि कधी पुरलं ते तिलाच माहीत. तेव्हा तुम्ही पण घरातल्या सुनांची माहेरं आधी लिहून काढा. सातबारावर ती सापडत नाहीत.

माहेरचं गाव बारा किलोमीटरवर निघालं. गेल्यावर एकदम ‘तुमचं मेडल सापडलंय’ म्हणू नका, लोकांना वाटतं काहीतरी विकायला आलाय नाहीतर जमिनीचं लफडं आहे. आधी त्यांच्याकडनं ऐका, घरात कोण मिल्ट्रीत होतं, त्याच्या बापाचं नाव काय. त्यांनी सांगितलेलं तुमच्या कागदाशी जुळलं तरच पिशवी उघडा. आमच्यात बापाचं नाव आणि पलटणीचा आकडा दोन्ही जुळले, आकडा घरात कसा माहीत तर म्हणे त्या माणसाला गाव ‘एकशेदहा’ म्हणूनच हाक मारायचं.

कायद्याचं पण सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे, जमिनीत पुरलेली दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं, काय, कुठं, कधी सापडलं ते. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची नाहीतर मागतील तेव्हा हजर करायची हमी द्यायची, हेही कायद्यात आहे. अर्ज द्या, पोच घ्या, उत्तर येईपर्यंत मेडल दुसऱ्या कुणाला देऊ नका. शंभर वर्षं झालेली वस्तू पुरातन वस्तूत मोडते, म्हणजे परदेशातल्या कुणा गिऱ्हाइकाला कुरिअर करायचा विषयच नाही. पन्हाळ्यासारख्या संरक्षित किल्ल्यावर डिटेक्टर घेऊन खणायला जाऊ नका, आत जाल. आणि गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, नुसता भाव विचारायला पण नेऊ नका, चांदी ती चांदी, आटली की हुपरीत कुणाच्या तरी पैंजणात जाणार.

देताना एक साधा कागद करा, कुणी कुणाला दिलं, घरातल्या सगळ्या भावांच्या सह्या, नाहीतर मेडलावरनं वाटणी सुरू होते. आम्ही अर्जाचं सगळं निस्तरल्यावरच दिलं. मी फ्रेम करून देतो म्हटलं तर त्या घरातल्या आजी नको म्हणाल्या, थेट देव्हाऱ्यात ठेवलं. मागच्या दिवाळीत गेलतो, तर कडेची अक्षरं हळदीकुंकवानं पार भरून गेलेली. चिंच लावणारा मी, काय बोलणार, फराळ करून आलो.