बालपरिचर्या प्रशिक्षणासाठी उमेदवार कसे निवडावेत

नोंदणी, शैक्षणिक पात्रता आणि अनुभवाचे दाखले मुलाखतीपूर्वीच तपासून घ्यावेत, म्हणजे मुलाखतीचा वेळ माणूस पारखण्यासाठी उरतो. ‘मला लहान मुलं फार आवडतात’ हे उत्तर बहुतेक उमेदवार मनापासून देतात, परंतु केवळ त्यावर निवड करू नये; कारण बालकक्षातले तान्हे मूल आपल्याला काय होते आहे हे सांगू शकत नाही आणि परिचारिकेच्या नजरेतून निसटलेले लक्षण पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात येत नाही.

पहिली चाचणी औषधाच्या मात्रेची असावी, असे माझे ठाम मत आहे. दहा किलो वजनाच्या मुलास किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे आहे, असे सांगून समोर सिरपची बाटली ठेवावी. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असेल तर ६ मिलिलिटर द्यावे लागते, २५० मिलिग्रॅम असेल तर ३. लेबल न वाचता चटकन उत्तर देणाऱ्या उमेदवारापेक्षा, लेबल पाहून, हिशेब कागदावर मांडून ‘सिस्टर, एकदा तपासून देता का?’ असे विचारणारी उमेदवार मी अधिक योग्य मानते. हिशेब चुकलाच तर चूक दाखवून द्यावी. ती मान्य करून पुन्हा मांडणी करणारीला शिकवता येते. सारवासारव करणारीच्या हाती बालरुग्ण सोपवणे धोक्याचे आहे.

त्यानंतर, पालकांची संमती घेऊन, आईच्या मांडीवरच्या शांत बाळाचे श्वास मोजायला सांगावेत. तान्ह्या मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चालत नाही. पूर्ण मिनिट मोजावे लागते. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची खूण, हे उमेदवाराला ठाऊक असले तर उत्तमच, पण ते नंतरही शिकवता येते. ‘ताई, बाळ सकाळपासून अंगावर नीट पितंय का?’ असे आईला आपणहून विचारणे मात्र सहसा शिकवून येत नाही.

मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे भिली बोलू शकणाऱ्या उमेदवाराला त्या भागासाठी आवर्जून प्राधान्य द्यावे. पुरुष उमेदवारांना केवळ पुरुष म्हणून वगळू नये.

परीक्षकांनी आपापले गुण आधी स्वतंत्रपणे लिहावेत आणि मगच चर्चा करावी. ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही नेमके कारण सांगावे, म्हणजे केवळ मात्रेच्या हिशेबात कमी पडलेली परिचारिका तयारी करून पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करू शकेल.