एमपीआय चालत नसेल तर पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

अमळनेरच्या एका महाविद्यालयात चार जुने उबुंटू संगणक जोडून आम्ही विद्यार्थ्यांना समांतर संगणन, म्हणजे एकच काम अनेक प्रक्रियांत (चालू प्रोग्रामच्या प्रतींत) वाटून करणे, शिकवतो. त्या प्रक्रियांना एकमेकींना निरोप पाठवता यावेत म्हणून एमपीआय (मेसेज पासिंग इंटरफेस) लागते. ‘एमपीआय इन्स्टॉल होत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या संगणकावर एमपीआय बहुतेक वेळा इन्स्टॉल झालेलेच असते, आणि अनेकदा तर दोनदा झालेले असते. अशा वेळी सगळे काढून पुन्हा टाकण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात आणि तोच दोष पुन्हा येतो. म्हणून आधी काय आहे ते पाहावे. खाली आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करावीत.

एमपीआय हे एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव नसून ते एक प्रमाणक आहे आणि त्याची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये आली. ते प्रत्यक्षात आणणारी सॉफ्टवेअर वेगवेगळी असून ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच ही त्यांतली दोन सर्वांत परिचित होत. दोहोंत प्रोग्राम कंपाइल करणारी आज्ञा एमपीआयसीसी आणि तो चालवणारी आज्ञा एमपीआयरन याच नावाची असते. निम्मे घोटाळे या एकाच नामसाधर्म्यातून उद्भवतात.

त्यातला सर्वांत फसवा प्रकार असा. विद्यार्थी चार प्रक्रियांचा साधा प्रोग्राम चालवतो. पडद्यावर ‘प्रक्रिया ०, १, २, ३, एकूण ४’ असे दिसायला हवे, पण तिथे ‘प्रक्रिया ०, एकूण १’ ही एकच ओळ चार वेळा उमटते. त्रुटीचा संदेश कुठेच नसतो. प्रोग्राम एमपीआयसीएचच्या लायब्ररीशी जोडलेला असतो आणि चालवणारी आज्ञा ओपन एमपीआयची असते. एकाने ठेवलेला निरोप दुसऱ्याला वाचता येत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रक्रिया स्वतःला एकटी समजते. हे तपासण्यासाठी ‘टाइप’ या आज्ञेला ‘वजा ए’ हा पर्याय जोडून एमपीआयरन आणि एमपीआयसीसी यांची नावे द्यावीत, म्हणजे त्या नावाच्या सर्व प्रती, ज्या क्रमाने शोधल्या जातात त्याच क्रमाने दिसतात. ॲनाकोंडा (पायथनची तयार वितरणप्रणाली) वापरणाऱ्यांच्या संगणकावर तिच्या फोल्डरमधली प्रत पुष्कळदा सर्वांत वर निघते. त्यानंतर आपल्या प्रोग्रामवर ‘एलडीडी’ चालवून तो खरोखर कोणती लायब्ररी उचलतो ते पाहावे.

उबुंटू आणि डेबियनमध्ये ही निवड ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्हज’ या आज्ञेने बदलता येते. तिथे ‘एमपीआय’ आणि ‘एमपीआयरन’ असे दोन स्वतंत्र गट आहेत. एकच बदलून दुसरा तसाच ठेवला तर घोळ कायम राहतो. निवड बदलल्यावर प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणे आवश्यक आहे, कारण आधी तयार झालेली फाइल जुन्याच लायब्ररीशी बांधलेली असते. फेडोरावर मात्र उलट अनुभव येतो: पॅकेज नीट बसते आणि तरीही आज्ञा सापडत नाही, कारण तिथे आधी ‘मॉड्यूल लोड’ करून एमपीआय निवडावे लागते.

इथे एक सावधगिरी सांगतो. एमपीआयरनने नुसती ‘होस्टनेम’ ही आज्ञा चार वेळा चालली म्हणजे एमपीआय ठीक आहे असे समजू नये. त्या चाचणीत एमपीआयची लायब्ररी वापरलीच जात नाही. प्रक्रिया सुरू होतात एवढेच तिच्यातून कळते. खरी परीक्षा स्वतःचा क्रमांक सांगणाऱ्या प्रोग्रामचीच.

कंपाइल करताना एमपीआयची हेडर फाइल सापडत नसेल, तर एक तर एमपीआयसीसीऐवजी थेट जीसीसी (नेहमीचा सी कंपायलर) वापरलेले असते, नाही तर डेव्हलपमेंट पॅकेज टाकायचे राहिलेले असते. चालवताना सामायिक लायब्ररी सापडत नाही असा संदेश आला आणि सॉफ्टवेअर आपणच सोर्समधून ‘यूएसआर-लोकल’मध्ये बसवलेले असेल, तर रूटच्या अधिकाराने ‘एलडीकॉन्फिग’ एकदा चालवणे बहुधा पुरते. दुसऱ्याच आवृत्तीच्या फाइलला हव्या त्या नावाची सिंबॉलिक लिंक देऊन वेळ मारून नेऊ नये. लायब्ररीच्या नावामागचा आकडा सुसंगती दाखवण्यासाठीच असतो.

सोर्समधून बांधणी करणाऱ्यांना आपल्याकडे आणखी एक अडचण येते, ती विजेची. मे महिन्यात दुपारी ‘मेक’ (बांधणी करणारी आज्ञा) चालू असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी दमलेली असली, तर लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) अर्धवट किंवा शून्य बाइटची राहते. वीज आल्यावर ‘मेक’ पुन्हा चालवले की ते फक्त वेळेची नोंद पाहते. फाइल सोर्सपेक्षा नवी दिसते म्हणून तिला हात लावत नाही, आणि शेवटी हे तुकडे जोडणारा लिंकर ‘फाइल ओळखता येत नाही’ म्हणून थांबतो. आमची एक संपूर्ण दुपार हे शोधण्यात गेली. आता वीज गेली की बांधणीचे फोल्डर काढून टाकतो, टारफाइल नव्याने उघडतो आणि काम सकाळी सुरू करतो. चार जीबी मेमरीच्या संगणकावर ‘वजा जे’ पर्यायाने दोनपेक्षा अधिक कामे एकाच वेळी लावू नयेत. कंपायलर मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबला, तर ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींमध्ये मेमरी संपल्याची नोंद आहे का ते पाहावे. ‘कॉन्फिगर’ (बांधणीआधी संगणक तपासणारी स्क्रिप्ट) अडले तर कॉन्फिग-लॉग फाइल वाचावी, पण थेट तळाशी जाऊ नये: तिथे चलांची लांबलचक यादी असते आणि खरी त्रुटी तिच्या वर असते.

‘पुरेसे स्लॉट उपलब्ध नाहीत’ हा ओपन एमपीआयचा संदेश इन्स्टॉलेशनचा दोष नव्हे. स्लॉट म्हणजे एका प्रक्रियेची जागा. त्या ठरवताना ओपन एमपीआय मुळात प्रत्यक्ष कोअर मोजते, थ्रेड नाही. म्हणून चार कोअर आणि आठ थ्रेडच्या संगणकावर आठ प्रक्रिया मागितल्या की ते नकार देते. शिकण्यासाठी ‘ओव्हरसबस्क्राइब’ हा पर्याय देण्यास हरकत नाही, परंतु वेळ मोजायची असेल तेव्हा तो टाळावा.

एकाहून अधिक संगणक जोडल्यावर सर्वांवर एकच आवृत्ती, शक्यतो एकाच मार्गावर असावी, आणि पासवर्डशिवाय एसएसएच (दुसऱ्या संगणकावर दुरून लॉगिन करण्याची सोय) चालायला हवे. लॉगिन केल्यावर एमपीआयरन सापडते, पण एसएसएचबरोबर थेट आज्ञा पाठवली की सापडत नाही, असे झाल्यास शेल सुरू होताना वाचली जाणारी बॅश-आरसी फाइल उघडावी. उबुंटूमध्ये तिच्या सुरुवातीलाच, शेल संवादी नसेल तर पुढचे वाचू नये, अशी ओळ असते. आपला पाथ (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) त्या ओळीच्या वर लिहावा.

सर्व सुरू होते आणि पहिल्याच निरोपाला गोठते, तेव्हा नेटवर्क पाहावे. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा आभासी यंत्रांनी तयार केलेले जाळे प्रत्येक संगणकावर असते आणि एमपीआय त्यातून बोलू पाहते. त्याला प्रयोगशाळेचे खरे सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा गट) स्पष्टपणे नेमून द्यावे. इटीसी फोल्डरमधील होस्ट्स फाइलमध्ये संगणकाचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या पत्त्याशी जोडलेले असेल, तर तिथे खरा पत्ता लिहावा. फायरवॉलमध्ये केवळ एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट उघडून भागत नाही, कारण प्रक्रिया आपसांत बोलताना ऐनवेळी मिळतील ती पोर्ट वापरतात. आमच्याकडे चारही संगणकांना एकमेकांकडून येणारी सर्व वाहतूक मोकळी केल्यावरच दुसऱ्या संगणकावरून पहिले उत्तर आले.