क्लाउनफिशची जोडी लावायचीय? नर-मादी शोधू नका, साईज बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच, "भाऊ यातला नर कुठला आणि मादी कुठली?" पण क्लाउनफिश या समुद्री माशात पिल्लं असताना कोणीच मादी नसतं. ग्रुपमधला सगळ्यात मोठा मासा मादी होतो, दोन नंबरचा नर, बाकीचे लहानच राहून वाट बघतात. मादी मेली की तोच नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो.

म्हणून ऑसेलॅरिस (दुकानात मिळणारी क्लाउनफिशची एक जात) घेताना एक मोठा आणि एक लहान घ्या, फरक लांबूनही दिसला पाहिजे. दोन्ही पिल्लं असली तरी चालेल, त्यांचं आपापसात ठरतं, फक्त वेळ लागतो. पण दोन मोठे, वयात आलेले मासे एकत्र टाकू नका, दोन्ही माद्या निघाल्या तर एक मरेपर्यंत मारामारी चालते, कारण मादीचा परत नर होत नाही.

साईजचं एवढं काय, तर पीटर बस्टन या संशोधकाने पापुआ न्यू गिनीत पर्क्युला या क्लाउनफिशच्याच दुसऱ्या जातीचे ग्रुप मोजले, 2003 साली ते छापून आलं, त्यात दिसलं की खालच्या नंबरचे मासे स्वतःची वाढच रोखून धरतात, वरच्याला धोका वाटला तर तो हाकलून देईल म्हणून. हे वाचल्यापासून माझी तर टँककडे बघायची नजरच बदलली.

मोठा मासा आधीपासून टँकमध्ये असेल तर लहानाला दोन-तीन दिवस जाळीच्या बॉक्समध्ये ठेवा, मग सोडा. मोठी मादी त्याच्या मागे लागेल, एखादा चावा घेईल, घाबरू नका. बघायचं एकच, लहान मासा तिच्यासमोर अंग कलतं करून थरथरतो का. दोन-चार सेकंद अख्खं अंग थडथड हलतं, नवीन लोकांना वाटतं फिट आली आणि औषध टाकतात. नका टाकू! "तू मोठी, मी लहान" एवढंच तो सांगतोय, हे दिसलं की जोडी जमायला लागली समजा. पण तो कोपऱ्यात वर चिकटून राहिला, पंख फाटले, खायला येईना, तर त्याच दिवशी बाहेर काढा.

अ‍ॅनेमनी (ज्याच्यात हे मासे समुद्रात राहतात तो मऊ, फुलासारखा दिसणारा प्राणी) असलाच पाहिजे असं नाही, एक टाईल तिरकी टेकवून ठेवली तरी पुरे. जोडी जमल्यावर पहिली अंडी घालायलाच कित्येक महिने लागू शकतात. आधी दोघं तोंडाने जागा साफ करतात, मग मादी नारिंगी अंडी चिकटवते आणि राखण बहुतेक नरच करतो, पंखाने सतत पाणी मारतो, खराब अंडी खाऊन टाकतो. साधारण 7 ते 10 दिवसांनी, लाईट बंद झाल्यावर, पिल्लं बाहेर येतात. त्यांना पहिले दिवस खायला रोटिफरच (पाण्यातले अगदी बारीक जीव) लागतात, त्यांची पैदास आधीपासून चालू ठेवा, अंडी दिसल्यावर पळापळ करून जमत नाही.