प्रोजेक्टर ठीक आहे, मग चित्र का बिघडतं? पोर्टेबल प्रोजेक्टर वापरताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बाहेरगावचा खरेदीदार येतो, मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टर लागतो आणि मरून चादर भिंतीवर विटकरी दिसते, आकाशी टॉवेल हिरवट. खापर यंत्रावर फुटतं. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, घोळ असतो तो सेटिंगमध्ये, जागेत आणि वायरीत.

रंग का बदलतो?

चादर-टॉवेलच्या धंद्यात ऑर्डर रंगावर अडते, म्हणून आधी हे. प्रोजेक्टर बऱ्याचदा ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’ मोडवर असतो. या मोडमध्ये उजेड जास्त मिळावा म्हणून रंगांचा बळी दिला जातो आणि सगळ्यावर हिरवट झाक येते. मेनूत जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड निवडा. उजेड थोडा कमी होईल, पण मरून मरून दिसेल.

दुसरं कारण भिंत. क्रीम किंवा पिस्ता रंगाची भिंत प्रत्येक डिझाइनमध्ये आपला रंग मिसळते. काही मॉडेलमध्ये भिंतीच्या रंगानुसार दुरुस्ती करायची सोय असते, पण पांढरा मॅट पडदा तिच्यापेक्षा केव्हाही बरा. चकाकणारा फ्लेक्स लावू नका, मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. आणि एवढं करूनही शेडचा अंतिम निर्णय प्रोजेक्टरवर घेऊ नका. पडद्यावर मांडणी दाखवा, रंग हातातल्या नमुन्यावर ठरवा.

बारीक चौकडीत लाटा दिसतात त्याचं कारण वेगळं. प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन १२८०×८०० असेल आणि लॅपटॉप १९२०×१०८० पाठवत असेल, तर रेषा दाबून बसवल्या जातात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचा मूळ आकडाच निवडा. खोक्यावरच्या ‘१०८०पी सपोर्ट’वर जाऊ नका. त्याचा अर्थ यंत्र तेवढा सिग्नल घेतं इतकाच. ‘नेटिव्ह’ शब्दापुढचा आकडा खरा.

मोठ्या चित्राचा मोह

१०० इंची (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं) चित्र म्हणजे साधारण २.२ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच, पावणेतीन चौरस मीटर. ५०० एएनएसआय लुमेन (यंत्राच्या एकूण उजेडाचं प्रमाणित माप) तेवढ्या जागेत पसरले की हाती येतात जेमतेम १८० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १८० लुमेन. ट्यूबलाइट चालू असलेल्या ऑफिसच्या भिंतीवर जवळपास तेवढा उजेड आधीच असतो, मग चित्र फिकं पडणारच. तेच चित्र ६० इंचांवर आणलं की ५०० लक्स मिळतात. पडद्याजवळची ट्यूब तेवढी बंद करा, मागची राहू द्या. बॅटरीवर चालवताना बरीच यंत्रं आपोआप उजेड कमी करतात, त्यामुळे मीटिंगमध्ये अडॅप्टर लावूनच ठेवा. खरेदी करताना नुसते ‘लुमेन’ किंवा ‘एलईडी लुमेन’ लिहिलं असेल तर ‘एएनएसआय’ आकडा विचारा.

अंतराचा हिशोब सोपा आहे: चित्राची रुंदी गुणिले थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट, हा यंत्राचा आकडा). रेशो १.२ असेल तर ६० इंची, म्हणजे १.३३ मीटर रुंद चित्रासाठी यंत्र पडद्यापासून सुमारे १.६ मीटर लांब हवं.

यंत्र तिरकं ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करणं ही सर्रास चूक. कीस्टोन चित्र आकसून सरळ करतो. त्यात पिक्सेल वाया जातात आणि कडेची अक्षरं बोथट होतात. लेन्स पडद्याच्या मधोमध, काटकोनात येईल असं यंत्र ठेवा, उरलेली थोडी दुरुस्ती कीस्टोनला करू द्या. यंत्र सुरू केल्यावर १५-२० मिनिटांनी फोकस पुन्हा तपासा, कारण यंत्र तापल्यावर तो सरकतो.

उष्णता आणि तूस

टेबल छान दिसावं म्हणून प्रोजेक्टरखाली कारखान्यातलाच टेरी टॉवेल अंथरला जातो. हवा घेण्याच्या फटी अनेक मॉडेलमध्ये तळाशीच असतात, त्या टॉवेलात बुजतात आणि थोड्या वेळात यंत्र तापून बंद पडतं. कडक, सपाट पृष्ठभाग हवा आणि चारी बाजूंना किमान ३० सेंटीमीटर मोकळी जागा. पुढची बाजू उचलायला खाली वह्या घालू नका, यंत्राचे पाय फिरवा किंवा ट्रायपॉड लावा. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरचं तापमानच चाळिशी ओलांडतं. बॅटरीवाला प्रोजेक्टर बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

लूमच्या आसपास कापसाचं तूस हवेत असतंच. फिल्टर असेल तर दर महिन्याला मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात. बंद करताना पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण दाबू नका.

‘नो सिग्नल’ आला तर

आधी प्रोजेक्टरच्या ‘सोर्स’मध्ये तोच एचडीएमआय पोर्ट निवडलाय का पाहा. मग विंडोज बटणासोबत पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. तरी नाही, तर वायर बदला. टाइप-सी वायरीने जोडत असाल तर लॅपटॉपचा तो पोर्ट व्हिडिओ देतो का, हे आधी तपासा. कित्येक पोर्ट नुसतं चार्जिंग आणि डेटा देतात. अनेक स्वस्त मोबाइलचंही तेच.

थ्री-पिनची अर्थिंगची जाड पिन टाळण्यासाठी टू-पिन कन्व्हर्टर लावणं महागात पडतं. अर्थिंग नसलेल्या दोन यंत्रांमध्ये विजेचा फरक साठतो आणि वायर खुपसताच एचडीएमआय पोर्ट जळू शकतो. दोन्ही यंत्रं बंद असताना वायर जोडा, मग चालू करा.

मराठी मजकुराचे चौकोन किंवा भलतीच अक्षरं झाली, तर बिघाड प्रोजेक्टरचा नाही, जुना फाँट त्या संगणकावर नसतो. फाइल पीडीएफ करून न्या. पेनड्राइव्हवरून थेट दाखवायची असेल तर तो एफएटी३२मध्ये फॉर्मॅट करा, मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

पडद्यावर धूसर करडा डाग दिसला तर लेन्स पुसा. तरी राहिला तर धूळ आत गेली आहे, सर्व्हिसवाल्याकडेच न्या. डीएलपी यंत्रात (यात चित्र चिपवरच्या बारीक आरशांनी बनतं) टाचणीच्या टोकाएवढे, स्पष्ट पांढरे ठिपके हळूहळू वाढत असतील तर ती धूळ नव्हे, चिपचे आरसे अडकलेत. अशा वेळी साफसफाईवर पैसे घालवू नका, आधी चिप बदलण्याचा खर्च विचारा.