ईपीएबीएक्सवरून बाहेर जाणाऱ्या कॉलवर मर्यादा कशी घालावी

ईपीएबीएक्स म्हणजे कार्यालयातले सगळे फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारे यंत्र. त्याच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी सर्व एक्स्टेंशनची (टेबलांवरच्या अंतर्गत फोनची) यादी कागदावर मांडून कोणत्या टेबलावरून कुठपर्यंत फोन लागावा हे ठरवावे. फक्त अंतर्गत, स्थानिक, मोबाइलसह देशभर आणि परदेशी असे चार वर्ग सहसा पुरतात. ईपीएबीएक्समध्ये या वर्गाला ‘क्लास ऑफ सर्व्हिस’ म्हणतात आणि प्रत्येक एक्स्टेंशनला त्यांपैकी एक वर्ग नेमून द्यायचा असतो.

खरी अडचण शून्याची आहे. पूर्वी ‘शून्य बंद’ केले, म्हणजे शून्याने सुरू होणारे क्रमांक अडवले, की एसटीडी (देशातले बाहेरगावचे कॉल) आणि आयएसडी (परदेशी कॉल) दोन्ही बंद होत असत; परंतु १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य फिरवणे अनिवार्य झाल्यामुळे, तो जुना नियम तसाच ठेवल्यास शेजारच्या गल्लीतल्या कुरियरवाल्याचा मोबाइलही लागत नाही. शिवाय बंगळुरूचा ०८० किंवा नागपूरचा ०७१२ हे कोड आणि शून्य लावलेले मोबाइल क्रमांक सुरुवातीच्या आकड्यांवरून नीट वेगळे करता येत नाहीत. म्हणून देशभराच्या वर्गात एसटीडी आणि मोबाइल एकत्रच मोकळे ठेवून ‘००’ने सुरू होणारे, म्हणजे परदेशी, क्रमांक तेवढे रोखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एक सापळा आहे. बाहेरची लाइन घेण्यासाठी तुमच्याकडे शून्यच दाबावे लागत असेल, तर मोबाइलसाठी माणूस ०-०-९८ असे दाबतो, आणि यंत्र लाइनचे शून्यही मोजत असेल तर ‘००’चा नियम प्रत्येक मोबाइल कॉल अडवतो. नियम लाइन घेतल्यानंतरच्या आकड्यांना लागू होतो की आधीपासून, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. एसआयपी (इंटरनेटवरून चालणारी) लाइन असल्यास ‘+’ चिन्हाने सुरू होणारे परदेशी क्रमांकही वेगळा नियम लिहून रोखावेत.

एक्स्टेंशन अडवले तरी कॉल फॉरवर्डची वाट उघडी राहते, त्यामुळे बाहेरच्या क्रमांकावर फॉरवर्ड करण्याची मुभा स्वतंत्रपणे काढून घ्यावी. बाहेरून फोन करून कार्यालयाचीच लाइन मिळवण्याची ‘डिसा’ सुविधा वापरात नसेल तर ती पूर्ण बंद ठेवावी, कारण रात्री-अपरात्री परदेशी कॉल लावून बिल फुगवणारे लोक हीच फट शोधतात. आयएसडीची गरज मुळीच नसेल, तर ती टेलिफोन कंपनीकडे लेखी अर्ज करून लाइनवरच बंद करून घेणे अधिक भक्कम ठरते.

आपत्कालीन क्रमांक मात्र पहारेकऱ्याच्या केबिनसह प्रत्येक फोनवरून लागलेच पाहिजेत. घाबरलेल्या माणसाला बाहेरच्या लाइनचे शून्य आठवेलच असे नाही, म्हणून परवानगीच्या यादीत ११२ आणि ०११२ हे दोन्ही नोंदवावेत. अनेक कार्यालयांत एक्स्टेंशन १०१ पासून सुरू होतात आणि ११२ दाबल्यावर हिशेब विभागातली घंटी वाजते. तसे असल्यास १०१, १०८ आणि ११२ ही एक्स्टेंशन आजच बदलून घ्यावीत.